स्पेनच्या राष्ट्रगीताचं दुसरं कडवं

फुटबॉलमधलं मला कुणी काही सांगू नये. मी कोल्हापूरचा आहे. बाकी महाराष्ट्रात पोराच्या हातात बॅट देतात, आमच्याकडे पेठेपेठेचा फुटबॉल संघ असतो आणि आपल्या पेठेचा संघ हरला की त्या दिवशी घरातली आमटी अळणी लागते. ऑफसाइड म्हणजे काय हे मला बाराखडीच्या आधी कळलं, असं आई सांगते. आई लक्षात ठेवा. पुढे सगळा घोळ बाहेर आला तो तिच्यामुळे!

तर असा मी, यशोधन, नोकरीसाठी इंदूरला आलो. औषधाच्या गोळ्यांची पाकिटं बनवणाऱ्या यंत्रांची आमची कंपनी. ऑफिसात फुटबॉल बघणारा माझ्याशिवाय एकच, परेश. तो जन्माने मराठी, पण वाढला इंदूरात, त्यामुळे त्याचं निम्मं वाक्य हिंदीत सुरू होऊन मराठीत संपतं. तो अर्जेंटिनाचा आणि मी स्पेनचा. कतारचा वर्ल्डकप सुरू झाला आणि आमची कामं थांबली. रोज सकाळी पोह्यांच्या गाडीवर वाद. तो विचारायचा, "भिया, स्पेनमध्ये तुझा कोणता काका बसलाय?" मी विचारायचो की अर्जेंटिनात तुझी कोणती मावशी आहे. मग तो म्हणायचा, अर्जेंटिनाच्या शर्टाचे पट्टे छान दिसतात. मी म्हणायचो, आमच्या पेठेचा शर्टही स्पेनसारखाच लाल आहे. दोघांचीही कारणं सारखीच भक्कम असल्यामुळे वाद कधी मिटत नसे.

मी राहायचो स्नेहलतागंजमध्ये, वासुदेवराव फडणिसांच्या वरच्या खोलीत. त्यांचे पणजोबा होळकरांच्या दफ्तरात होते आणि ते स्वतः शाळेत संगीत शिक्षक होते. आता निवृत्त, आणि गल्लीतल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. त्यांची मुलगी नीरजा कॉलेजात शिकवते. नीरजाचं आणि माझं जमलं होतं. सरळच सांगतो, मला ती इतकी आवडत होती की तिच्या हातचा फिका चहासुद्धा मी दोनदा मागून घेत होतो. पण तिने स्पष्ट सांगितलं होतं, बाबांना तू स्वतः विचारायचं आणि डिसेंबर संपायच्या आत विचारायचं, कारण जानेवारीत ग्वाल्हेरचं एक स्थळ बघायला येणार होतं. त्या ग्वाल्हेरवाल्याचं स्वतःचं घर होतं, सरकारी नोकरी होती आणि डोक्यावर केस होते. मला घाई करणं भाग होतं.

वासुदेवकाकांना फुटबॉल कळत नव्हता. त्यांना कळायची राष्ट्रगीतं. सामना कुणाचाही असो, टीव्हीवर राष्ट्रगीत लागलं की ते उठून उभे राहायचे. तो देश नकाशात कुठे आहे हे त्यांना माहीत नसायचं, पण हात मांडीला चिकटलेले आणि नजर समोर. गीत संपलं की कोण मनापासून गायलं ते बघायचे, त्या संघाला आशीर्वाद द्यायचे आणि झोपायला जायचे. आपला देश तिथे खेळत नाही, मग पाठिंबा कुणाला द्यायचा, तर जो आपलं गीत खुल्या गळ्याने गातो त्याला. त्यांचा हिशेब सोपा होता.

वर्ल्डकपच्या सुरुवातीला त्यांनी मला खाली सामना बघायला बोलावलं. मी ठरवलं, आजच विचारून टाकू. आता आमच्याकडे राष्ट्रगीत लागतं तेव्हा माणूस शेवटचं खाणं उरकून घेतो, एकदा शिट्टी वाजली की कुठलं खाणं! मी सवयीने उठलो आणि स्वयंपाकघरातून गरम गराडूंची, म्हणजे इंदूरच्या त्या तळलेल्या कंदाची, ताटली घेऊन, दोन तुकडे तोंडात कोंबून बाहेर आलो. बघतो तर घर सावधान. काका उभे, नीरजा उभी, तिची आई शोभनाकाकू हातात अर्धी निवडलेली मेथीची जुडी घेऊन उभ्या. हलत होता फक्त माझा जबडा. गराडू इतका गरम होता की गिळता येईना आणि थुंकता तर मुळीच येईना.

गीत संपलं. काका एवढंच म्हणाले, "यशोधन, माणूस राष्ट्रगीताच्या वेळी कळतो."

इंदूरात माणसाला जी लावतात. आल्या दिवसापासून मी यशोधनजी होतो. तो जी त्या दिवशी गळून पडला. नीरजाने माझ्याकडे असं बघितलं की मला ग्वाल्हेरचा माणूस मांडवात उभा दिसायला लागला.

दुसऱ्या दिवशी मी सारवासारव करायला खाली गेलो. काकांनी चहा दिला आणि परीक्षाच घेतली. तुम्ही स्पेनचे म्हणवता, मग स्पेनच्या राष्ट्रगीताचा अर्थ काय? ज्या गीतासाठी उभं राहायचं त्यात काय म्हटलंय ते आपल्याला नको का माहीत? आता मी ते गीत आयुष्यात ऐकलं नव्हतं, त्या वेळी मी कायम वडापाव आणायला गेलेला असायचो. पण कोल्हापूरचा माणूस "माहीत नाही" म्हणत नाही. मी म्हणालो, पाठ आहे मला, मराठीत करूनसुद्धा ठेवलंय.

काका सरसावून बसले. मी मनात म्हटलं, राष्ट्रगीतात असून असून काय असणार? डोंगर, माती आणि ताठ मान. आणि मला आमच्या शाळेची प्रार्थना आठवली. दहा वर्षं रोज सकाळी म्हटलेली. एक शब्द तेवढा बदलला, शाळेच्या जागी देश घातला, आणि डोळे मिटून म्हणून टाकली:

"उंच गडाची ताठ मान ती, तशीच राहो अमुची मान,
कष्ट करूनी, न्याय धरूनी, राखू या देशाची शान."

डोळे उघडले तर काकांच्या डोळ्यांत पाणी. किती साधं आणि किती खरं, कुठेही रक्त नाही की तलवार नाही, असं काहीसं ते पुटपुटले आणि म्हणाले, "यशोधनजी, अजून एक कप घेऊन घ्या." जी परत आला होता. मी जिना दोन-दोन पायऱ्या गाळून चढलो.

मग कामासाठी मला काही दिवस सांवेरकडच्या एका कारखान्यात जावं लागलं. परत आलो तर मंडळाच्या सभागृहातून पेटीचा आवाज. आत डोकावलो. शोभनाकाकू आणि त्यांच्या महिला मंडळाच्या सगळ्या बायका ओळीत उभ्या राहून स्पेनचं राष्ट्रगीत दुर्गा रागात गात होत्या! चाल काकांची. त्यांनी मला बघितलं आणि बसा म्हणून खूण केली, मग लगेच उभे राहा म्हणून खूण केली.

त्यांनी सगळं ठरवून टाकलं होतं. स्पेन आणि मोरोक्कोचा बाद फेरीचा सामना मंडळाच्या पडद्यावर. व्हॉट्सअ‍ॅपवर आमंत्रण गेलं होतं: दीपप्रज्वलन, अध्यक्षीय भाषण, स्पेनच्या राष्ट्रगीताचा मराठी आविष्कार, नंतर गराडू. सामना शेवटी, लहान अक्षरात. आणि त्यांनी माझ्या आईला कोल्हापूरला स्वतः फोन केला होता. मुलगा संस्कारी आहे, आता मोठ्या माणसांनी भेटायला हवं, म्हणून त्यांनी तिला त्याच दिवशी बोलावलं होतं. बाबा प्रवास म्हटला की गुडघे दाखवतात, त्यामुळे ती एकटीच येणार होती. मला न विचारताच काम झालं होतं. मी त्या रात्री शीळ घालत झोपलो.

सकाळी उठून, निव्वळ हौस म्हणून, त्या राष्ट्रगीताचे खरे शब्द कसे आहेत ते फोनवर शोधले.

शब्द नव्हते. स्पेनच्या राष्ट्रगीताला शब्दच नाहीत! नुसती धून वाजते आणि खेळाडू गप्प उभे राहतात. स्पेनचे आधीचे सामने रात्री उशिरा, काका झोपल्यावर झाले होते, म्हणून त्यांनाही हे कळलं नव्हतं. मी फोन बंद करून पुन्हा चालू केला. तरी शब्द आले नाहीत. जगात एवढे देश, प्रत्येकाच्या गीताला कडव्यांवर कडवी, आणि मी नेमका मुका देश निवडला होता.

नीरजाला सांगितलं. ती आधी पोट धरून हसली आणि मग एकदम गंभीर झाली. म्हणाली, बाबांना गराडू चालून जाईल, खोटं नाही चालणार, आत्ता जाऊन सांग. गेलो. काका खुर्चीवर बसून धोतराला इस्त्री करत होते. मला म्हणाले, हे गीत सापडल्यापासून सकाळी रियाजाला बसावंसं वाटतंय, किती वर्षांनी. आता सांगा, अशा माणसाला काय सांगणार? मी इस्त्री फार गरम झालीय एवढंच सांगून परत आलो. परेशला विचारलं तर तो म्हणाला, "भिया, टेंशन मत ले, सांगून टाक की ते मनातल्या मनात म्हणतात."

पण माझ्याकडे त्याहून चांगली योजना होती. मराठी मंडळाचा कार्यक्रम आजवर वेळेवर संपलेला नाही. दीपप्रज्वलनात वारा असतो, काडेपेटी कुणाच्या खिशात आहे ते आठवत नाही, पाहुण्यांचा परिचय पाहुण्यांपेक्षा मोठा असतो. मी उत्साहाने सूत्रसंचालन मागून घेतलं. त्यात दोन सत्कार वाढवले, एक स्वागतगीत घातलं आणि गेल्या वर्षीचं राहिलेलं आभारप्रदर्शनही घेतलं. भाषणं चालू असताना पडदा काळा. पडदा लावेपर्यंत तिकडची राष्ट्रगीतं उरकलेली असणार. खेळाडूंचे ओठ कुणाला दिसणार नाहीत, बायका दुर्गा गातील, सगळे गराडू खातील आणि मी सुटेन.

सामन्याची संध्याकाळ आली. आईची गाडी उशिरा धावत होती म्हणून नीरजा तिला आणायला स्टेशनवर गेली. सभागृह स्वेटर आणि शालींनी गच्च भरलं. आणि त्या दिवशी मंडळाच्या इतिहासात जे कधी घडलं नव्हतं ते घडलं. समई पहिल्या काडीत पेटली! सत्काराच्या दोघांनाही सर्दी झाली होती, त्यांनी नारळ घेतला आणि शिंकत खाली बसले. मग काका भाषणाला उठले. मला त्यांचा भरवसा होता, ते कधी थोडक्यात आवरत नाहीत. ते म्हणाले, "मी बोलणार नाही. राष्ट्रगीत चुकायला नको. पडदा लावून घ्या."

पडदा लागला. खेळाडू नुकते मैदानात येत होते.

आधी मोरोक्कोचं गीत झालं. त्यांचे खेळाडू गळ्याच्या शिरा ताणून गात होते. सगळं सभागृह उभं, आणि काका समाधानाने मान हलवत होते. मग स्पेनची धून सुरू झाली. कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून सावकाश सरकू लागला. पहिला गप्प. दुसरा गप्प. तिसऱ्याचे ओठ तर शिवल्यासारखे. मी प्रोजेक्टरच्या मागे जमेल तेवढा बारीक झालो.

कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, पाठ नसेल. कुणी म्हणालं, कप्तान पण गप्प आहे, शरम नाही वाटत का? परेश हसू दाबता दाबता लाल झाला होता. काकांचा चेहरा मात्र खरोखर उतरला. ते वळले आणि काकूंना म्हणाले, "शोभना, घ्या. त्यांना येत नसेल तर नसू दे, आपल्याला येतं."

पेटी वाजली. महिला मंडळाने असा सूर लावला की त्या धुनेचा तिथेच निकाल लागला. आणि नेमक्या त्याच वेळी मागचं दार उघडून नीरजाबरोबर माझी आई आत आली.

आता आईविषयी राहिलेलं सांगतो. माझी आई, शालिनीबाई, माझ्याच शाळेत शिक्षिका होती. निवृत्त होईपर्यंत सकाळचा परिपाठ तिने घेतला. प्रवासाने थकलेल्या तिच्या कानावर ती प्रार्थना पडली आणि तिने हातातली पिशवी खाली ठेवली, पदर सारखा केला, हात जोडले, डोळे मिटले. बायकांचं कडवं संपलं. पेटी थांबली. आई थांबली नाही. तिच्या शाळेत मुलांना अर्ध्यावर सोडायची पद्धत नव्हती. खणखणीत आवाजात तिने दुसरं कडवं धरलं:

"रंकाळ्याच्या काठावरती ज्ञानाचे हे मंदिर छान,
घंटा होता धावत येऊ, गुरुजनांना देऊ मान."

पडद्यावर सामना सुरू झाला होता. पण राष्ट्रगीत चालू असताना हलायचं नसतं, म्हणून सगळं सभागृह सावधान उभं राहून रंकाळ्याचं वर्णन ऐकत होतं. काकूंच्या बायका तर भारावून गेल्या होत्या. कोल्हापुरात बसून ज्या बाईला स्पेनचं दुसरं कडवंही येतं, तिच्यापुढे त्यांनी मनातल्या मनात हात जोडले.

काका पुढे झाले. त्यांनी आईला नमस्कार केला आणि आदराने विचारलं, "ताई, हा रंकाळा स्पेनमध्ये कुठे आला?"

"स्पेनमध्ये कशाला येईल?" आई म्हणाली. "रंकाळा आमच्या घरामागे आहे. ही आमच्या शाळेची प्रार्थना. छान बसवलीत हो, पण शेवटची ओळ चुकली. शाळेची शान आहे, देशाची नाही." मग तिची नजर प्रोजेक्टरकडे गेली. "हा मागे उभा आहे ना, यानेच सांगितली असणार. परिपाठाला कधी धड उभा राहिला नाही."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. लपायला जागा नव्हती, तेव्हा पुढे आलो. आणि एकदाचं खरं सांगून टाकलं. काका, स्पेनच्या गीताला शब्दच नाहीत. ते खेळाडू विसरले नव्हते, त्यांना म्हणायला काही नव्हतंच. मला अर्थ माहीत नव्हता आणि तुमच्यासमोर तोंडघशी पडायचं नव्हतं, म्हणून मी प्रार्थना ठोकून दिली.

काका पडद्याकडे वळले. मग त्यांनी मंडळाला उद्देशून सांगितलं की आपण त्या बिचाऱ्या पोरांना नाही नाही ते बोललो. शब्द नसताना जे एवढे ताठ उभे राहतात त्यांची आपण माफी मागायला हवी. आज मंडळ स्पेनच्या बाजूने. एवढं बोलून ते आयुष्यात पहिल्यांदा राष्ट्रगीतानंतरही सामना बघायला बसले. बसता बसता मला म्हणाले, "यशोधन, आपण सामन्यानंतर बोलू."

जी गेला होता.

मी खूप सामने बघितलेत, पण असा एकही नाही. ज्यांना कॉर्नर म्हणजे भज्यांचं दुकान वाटतं अशा बायका अपराधी मनाने स्पेनचा जयजयकार करत होत्या. परेश मुद्दाम मोरोक्कोचा झाला होता. गोल होईना. माझ्या मनाने घेतलं की स्पेन जिंकलं तर काकांचा राग निवेल. मी कधी देवाकडे फुटबॉलसाठी काही मागत नाही, पेठेत ती लबाडी समजतात, पण त्या दिवशी मागितलं. जादा वेळही संपला. मग पेनल्टी. स्पेनने पेनल्टी कशा मारल्या ते मी लिहीत नाही. एकही आत गेली नाही. ज्यांना आठवतं त्यांनी माझ्यासाठी एक उसासा सोडावा!

लोक निघून गेले. काका सतरंजीची घडी घालत होते. मी दुसरं टोक उचललं. सतरंजीची घडी घालताना दोघांना एकमेकांकडे चालत यावंच लागतं, तेवढ्यावर माझी आशा होती. मी माफी मागितली. ते सतरंजी झटकत म्हणाले, "मी दुसऱ्यांच्या गीतांना का उभा राहतो, ठाऊक आहे? एक दिवस त्या मैदानावर आपलं वाजेल. त्या दिवशी पाय थरथरायला नकोत. म्हणून सराव करून घेतो."

मला खरंच लाज वाटली. मी इतकी वर्षं फुटबॉल बघतोय, पण आपलं तिथे वाजेल असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. मी तेवढं तोडक्यामोडक्या शब्दांत त्यांना सांगितलं.

आम्ही सतरंजीच्या मध्यावर समोरासमोर आलो. त्यांनी माझ्या हातातलं टोक घेतलं. "अडचणीत ज्याला शाळेची प्रार्थना आठवते, तो माणूस अगदीच वाया गेलेला नसतो," ते म्हणाले. "आत जाऊन बसून घ्या, यशोधनजी. तुमच्या आईंनी आणि शोभनाने तारीख काढलीसुद्धा. आणि गराडू संपले आहेत, हे आधीच सांगून ठेवतो."

आत गेलो तर खरंच. आई काकूंना तिसरं कडवं उतरवून देत होती आणि नीरजा शेजारी बसून शेवटच्या गराडूवर लिंबू पिळत होती. तिने तो तुकडा माझ्याकडे बघत बघत स्वतःच खाल्ला.

उन्हाळ्यात लग्न झालं. ग्वाल्हेरचं स्थळ आलंच नाही. ती प्रार्थना आता मंडळाचं गीत आहे, कार्यक्रम कुठलाही असो, उभं राहून सगळी कडवी म्हणतात. आमच्या लग्नात पहिली जिलबी वाढली आणि नेमकी तेव्हाच म्हटली. गार जिलबी मी त्या दिवशी पहिल्यांदा खाल्ली.

परेशची अर्जेंटिना त्याच वर्ल्डकपात जिंकली. पट्टे छान दिसतात म्हणून पाठिंबा देणारा माणूस जिंकून मोकळा झाला. आणि मी? आम्ही आता वेगळीकडे राहतो, पण स्पेनचा सामना असला की राष्ट्रगीताच्या वेळी सासऱ्यांचा व्हिडिओ कॉल येतो. नुसता फोन नाही, व्हिडिओ, कारण माझ्यावर त्यांचा पूर्ण विश्वास आहे, पण ताटलीवर नाही. धून वाजते, ते खेळाडू गप्प उभे राहतात आणि मी एकटा दिवाणखान्यात सावधान उभा राहून त्यांच्या वाटचं गातो, तिन्ही कडव्यांसकट. घंटा होता धावत येऊ. फोन वाजतो आणि मी जेवणावरून उठून खरंच धावत येतो.